चार वर्षं झाली, स्टार्टअप ना नीट चालतोय ना बंद पडतोय. अशात समाधान कुठून मिळतं तुम्हाला?

पानओल_नाशिक

मी मूळचा नाशिकचा, इलेक्ट्रॉनिक्स केलं, पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली आणि २०२१ मध्ये ती सोडून परत आलो. आम्ही द्राक्षबागेत लावायचं छोटं हवामान केंद्र बनवतो. खांबावर बसतं, तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान किती तास ओलं राहिलं ते मोजतं, आणि त्यावरून डाऊनी किंवा भुरी हे द्राक्षाचे रोग यायची शक्यता किती आहे ते बागायतदाराच्या मोबाईलवर जातं. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यात आमची केंद्रं आहेत.

अडचण अशी आहे की आमच्या धंद्यात उत्तर वर्षातून एकदाच मिळतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरला गोड्या बहराची, म्हणजे फळासाठीची छाटणी, आणि ऑक्टोबर छाटणीनंतरचे दीड-दोन महिने हेच डाऊनीचे खरे दिवस, तेवढ्यात मॉडेलने बरोबर सांगितलं की नाही हे कळतं, आणि त्यात काही बदल केला तर तो बरोबर होता का हे बघायला पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबायचं. माझे ॲपवाले मित्र सोमवारी काहीतरी बदलतात आणि शुक्रवारी आकडे बघतात. आमच्याकडे वर्षातून एक परीक्षा आणि त्यातही एखादं वर्ष कोरडं गेलं तर रोगच येत नाही, मग मॉडेल बरोबर होतं की नुसतं हवामान चांगलं होतं ते सांगता येत नाही, म्हणजे ते वर्ष शिकण्याच्या हिशेबात गेलंच.

पार्टनर गेल्या वर्षी परत नोकरीत गेला. भांडण वगैरे काही नाही, त्याला मुलगी झाली, घराचा हप्ता आहे, त्याचा निर्णय बरोबरच होता. आता मी, एक फिल्डवर जाणारा मुलगा आणि अर्धवेळ काम करणारी एक सॉफ्टवेअर डेव्हलपर असे तिघं आहोत. पैशाचं म्हणाल तर उपासमार नाही, जुने बागायतदार वर्षाचे पैसे भरतात, नवे हळूहळू येतात, एका निर्यातदाराने त्यांच्या गटातल्या शेतकऱ्यांसाठी केंद्रं घेतलीत पण त्यांचं बिल सहा-सहा महिने अडकतं.

बंद करू का असं मी विचारत नाहीये. काम मला आवडतं. पण संध्याकाळी घरी गेल्यावर बायको विचारते आज काय झालं, तर सांगण्यासारखं काही नसतं. नोकरीत असताना रिलीज व्हायचं, सगळे टाळ्या वाजवायचे, वर्षाअखेर अप्रेझल व्हायचं, चांगलं वाईट काहीतरी कळायचं. इथे "झालं बुवा एकदाचं" असं म्हणायची वेळच येत नाही. ज्यांनी पाच-सात-दहा वर्षं अशी काढली आहेत त्यांनी सांगा, मधल्या काळात तुम्हाला समाधान कशातून मिळालं? प्रवासाचा आनंद घ्या वगैरे नको, प्रत्यक्षात काय केलंत ते सांगा.

उद्यमनगर_कोल्हापूर

तुमचं लिहिणं आवडलं. मी सांगतो ते जुन्या पद्धतीच्या धंद्यातलं आहे, पण मला तरी दोन्हीत फार फरक वाटत नाही.

आमचं वर्कशॉप वडिलांपासूनचं, पंपाच्या इंपेलरचं मशिनिंग आणि असंच जॉबवर्क. मला स्वतःचं प्रॉडक्ट करायचं होतं, उसाच्या सरीत चालेल असा तण काढायचा छोटा पॉवर वीडर. ते नीट व्हायला किती वर्षं गेली हे आमच्या घरात अजून काढतात. गिअरबॉक्सचं ऑईल सील टिकायचं नाही. आमच्या भागातली काळी चिकट माती, त्यात पाणी सोडलेलं असलं की ती सीलच्या ओठात जाऊन बसते, वाळली की घासते, आणि मग ऑईल बाहेर आणि चिखल आत. शेतकरी मशीन टेम्पोत टाकून परत आणायचा.

त्या काळात मी एक गोष्ट केली. परत आलेलं प्रत्येक मशीन मी आणि आमचे जुने फिटर मामा, दोघंच खोलायचो. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. खराब झालेला पार्ट पुसून त्याला तारेने चिठ्ठी बांधायची, गाव कुठलं, माती कसली, पाणी सोडल्यावर किती दिवसांनी चालवलं. आणि ते एका रॅकवर मांडून ठेवायचं. रॅक भरत गेला तसं आम्हाला दिसायला लागलं की नदीकाठच्या गावचे सील वेगळे झिजतात आणि माळावरचे वेगळे. विक्री तेव्हाही नव्हती. पण संध्याकाळी त्या रॅकसमोर चहा घेताना मामा म्हणायचे, "मालक, आता ह्यो सील आपल्याला बोलाय लागलाय." मला खरं सांगायचं तर तेवढ्यावर पुढचे चार-सहा महिने निघायचे.

म्हणजे विक्री होणं न होणं आपल्या हातात नव्हतं पण कालपेक्षा आज त्या सीलबद्दल जास्त माहीत असणं हातात होतं आणि ते डोळ्यांना दिसेल असं मांडलेलं होतं. तुमच्याकडे मोबाईलमध्ये सगळा डेटा असेल, पण तो तुम्हाला दिसतो का असा? ऑफिसच्या भिंतीवर काय आहे तुमच्या?

अजून एक. आपल्याकडे किर्लोस्करांची गोष्ट सगळे सांगतात, पण फार घाईने सांगतात. लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं १८८८ मध्ये. मग कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असं लोकांचं म्हणणं, त्यामुळे पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं गेली. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, औंधच्या राजेसाहेबांनी आसरा दिला आणि १९१० मध्ये कुंडल स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी सुरू झाली. सांगायला दोन मिनिटं लागतात, पण सायकलच्या दुकानापासून वाडीपर्यंत बावीस वर्षं आहेत ती. त्या बावीस वर्षांत त्या माणसाला पुढचं काही माहीत नव्हतं, रोज सकाळी दुकान उघडायचं होतं. मला अडचण आली की मी किर्लोस्करवाडीचा विचार करत नाही, त्या न विकलेल्या नांगराच्या दोन वर्षांचा करतो.

आणि जॉबवर्क घ्या. पुण्यातल्या काटकर बंधूंचं बघा, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातून क्विक हील अँटीव्हायरस उभा राहिला आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात गेला. दुरुस्तीच्या कामाला कमी समजायचं नाही, महिन्याचा पगार त्यातून निघाला की स्वतःच्या प्रॉडक्टवर शांत डोक्याने काम होतं.

मृण्मयी_के

मी स्वतः फाउंडर नाही, माझा नवरा आहे, पण तुमच्या प्रश्नातलं "बायको विचारते आज काय झालं" हे वाचून लिहावंसं वाटलं.

आमचं वैद्यकीय उपकरण आहे, बी वर्गातलं, म्हणजे कमी ते मध्यम जोखमीचं. २०२० पासून सगळीच उपकरणं औषध कायद्याखाली आली आणि ए, बी वर्गाला ऑक्टोबर २०२२ पासून लायसन्स सक्तीचं झालं. म्हणजे उपकरण तयार, डॉक्टर वापरायला तयार, आणि आम्ही कागदपत्रं, टेस्टिंग, ऑडिट, परत कागदपत्रं यात. त्या काळात मी रोज विचारायची, काही झालं का? प्रेमानेच विचारायची. आणि त्याचा चेहरा पडायचा. मग एकदा माझ्या सासूबाईच म्हणाल्या की अगं, रोज निकाल विचारतेस त्याला, रोज कुठे निकाल असतो. तेव्हापासून मी विचारते की आज कुणाशी बोललास. आणि तो भरभरून सांगतो, अमुक हॉस्पिटलच्या सिस्टर म्हणाल्या की हातमोजे घातल्यावर बटण दाबलेलं कळत नाही, मग त्यांनी बटणाला उंचवटा केला. हे आधीही होतच होतं, पण "काय झालं" या प्रश्नाच्या उत्तरात ते बसत नव्हतं म्हणून तो सांगायचा नाही. तुमच्या मिसेसना सांगून बघा.

दुसरं, पैशाचं. आम्ही बसून ठरवलं की दर महिन्याच्या पाच तारखेला घरच्या खात्यात ठरलेली रक्कम जमा होणार, ती कमी असली तरी चालेल पण ठरलेली. माझे दागिने आणि मुलाच्या नावची एफडी याला हात नाही. आणि चालू ठेवायचं की थांबायचं ही चर्चा वर्षातून दोनदाच, पाडव्याला आणि दिवाळीच्या पाडव्याला, त्या दिवशी आकडे समोर ठेवून मोकळेपणाने बोलायचं, अधेमधे कुणी विषय काढायचा नाही, त्याने पण नाही आणि मी पण नाही. याने काय झालं, तर बाकीचे दिवस आम्हाला साधे मिळाले. भाजी आणली, मुलाचा अभ्यास घेतला, सिनेमाला गेलो. रोज डोक्यात "सोडावं का" हे चालू असेल तर माणसाला चांगलं झालेलं काम पण दिसत नाही हो.

आणि एक लिहू का, राग मानू नका. तुम्ही पार्टनरचा विषय दोन ओळीत संपवलात. मला वाटतं तुमचं समाधान तिथे गेलंय. सेन्सर चालला की "चालला रे!" असं ज्याला सांगायचं तो माणूस आता समोर नाही. बाकीच्यांना तुम्ही निकाल सांगू शकता, पण त्यामागची झटापट फक्त त्यालाच माहीत होती. कोल्हापूरच्या काकांकडे फिटर मामा होते, तसं तुमच्याकडे आता कोण आहे?

दुसरी_इनिंग

मला थोडं वेगळं मांडायचंय. माझा स्टार्टअप होता पुण्यात, छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर, २०१९ मध्ये ठरवून बंद केला, सगळ्यांची देणी देऊन, कामगारांना नोकऱ्या लावून, आणि त्याचंही मला आज समाधान आहे.

वर दोघांनी छान लिहिलंय पण समाधान हा तितकासा भरवशाचा मीटर नाही असं माझं मत आहे. तांत्रिक काम करणाऱ्या माणसाला काम करतानाच इतका आनंद मिळतो की गिऱ्हाईक येत नाहीये हे लक्षातच येत नाही, असे किती तरी हुशार लोक मी पाहिलेत. त्यामुळे आधी एक साधा आकडा सांगा, पहिल्या वर्षी पैसे भरलेल्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी किती जणांनी स्वतःहून भरले? फोन करकरून नाही, स्वतःहून. हे चांगलं असेल तर तुमची अनिश्चितता "हे लोकांना हवंय का" ही नाही, "किती वेगाने वाढेल" ही आहे, आणि या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी सोबत घेऊन माणूस वीस वर्षं आनंदाने जगू शकतो. पहिली पोखरते.

तसंच, गुंतवणूकदाराचे पैसे घेतलेत का? नसतील घेतले तर तुम्हाला चार वर्षं जास्त वाटायचं काही कारण नाही. व्हेंचर फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं, त्यांना त्यात पैसे परत करायचे असतात, त्यामुळे त्यांचं घड्याळ तुमच्या डोक्यावर टांगलं जातं. ते नसेल तर दुसऱ्याच्या घड्याळाने स्वतःला मोजू नका. वर्षातून एक हंगाम मिळणाऱ्या धंद्यात चार वर्षं म्हणजे तुम्ही चारदा खेळलात, बस.

बिलाचं मात्र सोडू नका, त्याने उगाच रोजचा जीव खातो. उद्यम नोंदणी आहे ना? तुम्ही बनवणारे आहात, सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असाल तर लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर आयकर कायद्याप्रमाणे, २०२३-२४ च्या हिशेबापासून, तो खर्च समोरच्याला त्या वर्षी वजा करून मिळत नाही. त्यांच्या सीएला एक सभ्य ईमेल करा, मालकाला नको, सीएलाच. बहुतेक मार्चच्या आत पैसे येतील. नाहीच आले तर लघुउद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, व्याजही मागता येतं, पण चालू गिऱ्हाईक आहे म्हणून मी आधी ईमेलच सुचवेन.

केंद्राची सीड फंड, म्हणजे सुरुवातीच्या भांडवलाची स्कीम तुम्हाला आता नाही मिळणार, तिथे कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. पण राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून शेतीच्या स्टार्टअपना सीड स्टेजला २५ लाखांपर्यंत मदत आहे, ती बघा. आणि महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्ये निवड झाली तर सरकारी खात्याकडून वर्क ऑर्डर मिळते. मला वर्क ऑर्डर जास्त आवडते कारण त्यात कुणीतरी तुमची वस्तू वापरतो.

पानओल_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

@दुसरी_इनिंग, गुंतवणूकदार नाही, स्वतःचे आणि घरचे पैसे. तुम्ही विचारलंत म्हणून काल रात्री बसून यादी काढली. पहिल्या वर्षीचे बहुतेक सगळे अजून आहेत. दोघांनी बागच काढली, एकाने मुलगा दुबईला गेल्यावर बाग दुसऱ्याला कसायला दिली, आणि तो दुसरा पण आता पैसे भरतो. हे मी कधी असं एकत्र पाहिलंच नव्हतं, मी कायम नवीन किती आले एवढंच बघत होतो. सीएला ईमेल आजच गेला.

@उद्यमनगर_कोल्हापूर काका, तुमच्या रॅकवरून एक आठवलं ते सांगतो. दुसऱ्या वर्षी काही बागांमधून भर दुपारी, कडक उन्हात, "पान ओलं आहे" असं यायचं. सेन्सर म्हणजे एक पट्टी असते, तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघांची जाळी, पाणी पडलं की दोन रेघांमधून करंट जातो. आम्ही सर्किट तपासलं, कोड तपासला, काही नाही. मग मी आणि पार्टनर पिंपळगावजवळच्या एका बागेत फवारणी चालू असतानाच जाऊन बसलो. ब्लोअर गेला, पानांवर पाणी वाळलं, पट्टी पण वाळली, पण तिच्यावर गंधकाचा आणि ब्लू कॉपरचा पांढरा-निळसर थर राहिला. तो थर हवेतला जरासा ओलावा ओढून घेतो आणि करंट जातो. बोटाने पुसला की मोबाईलवर आकडा खाली, फवारणीचं औषध लागलेले हात लावले की परत वर. आम्ही दोघं तिथे बांधावर वेड्यासारखे एकमेकांना आकडे ओरडून सांगत होतो. मग पट्टीवर पातळ रंगाचा थर द्यायला लागलो, त्याने बरंच सुधारलं, आणि फवारणीच्या दिवशीचं रीडिंग वेगळं धरायचं असं सॉफ्टवेअरमध्ये केलं.

तो दिवस मला चार वर्षांतला सगळ्यात चांगला दिवस वाटतो आणि त्या दिवशी एक रुपयाची विक्री झाली नव्हती. मृण्मयीताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्या दिवशी मी एकटा असतो तर आकडा खाली आलेला बघून मोबाईल खिशात टाकला असता आणि पुढच्या बागेत गेलो असतो. हे मी पहिल्यांदाच असं स्वतःशी मान्य करतोय. पार्टनरला काल फोन केला, खूप दिवसांनी कामाचं बोललो, तो म्हणाला रविवारी सकाळी दोन तास मला डेटा दाखवत जा, पैसे नकोत, मला बघायचंय.

त्या खराब पट्ट्या ड्रॉवरमध्ये पडल्यात. भिंतीवर लावतो, गावाचं नाव आणि कुठली फवारणी झाली होती ते लिहून.

निफाडचा_बागायतदार

भाऊ, मी तुमचा गिऱ्हाईक नाही, माझ्याकडं दुसऱ्या कंपनीचं असंच केंद्र आहे. पण तुम्ही लोकं त्या खांबाच्या अलीकडं बसता आणि आम्ही पलीकडं, म्हणून पलीकडचं सांगतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ चा पाऊस तुम्ही पुण्यात असाल तर पेपरात वाचला असेल. आमच्या बागा पोंगा-फुलोऱ्यात, म्हणजे कोवळ्या फुटीत आणि फुलात होत्या. जमीन इतकी ओली की ट्रॅक्टर वरंब्यात रुतायचा, ब्लोअर बागेत नेताच येईना, पाठीवरच्या पंपानं माणसं फवारत होती आणि दोन तासांनी परत पाऊस. डाऊनी घडात शिरली. रात्री झोप नव्हती कुणाला. मी तर बॅटरी घेऊन दोन-दोन वाजता पानाची खालची बाजू बघत फिरायचो, पांढरं दिसतंय का. घरातली म्हणायची, अहो बघून काय होणार आहे. पण बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

त्यानंतर केंद्र लावलं. त्यानं पाऊस थांबला नाही आणि रोग पण पूर्ण थांबला नाही. पण आता रात्री जाग आली की मी मोबाईल बघतो, पान अकरा वाजल्यापासून कोरडं आहे असं दिसलं की परत झोपतो. आणि धोका नाही म्हटल्यावर शेजारी फवारतो म्हणून मी फवारायचं हे बंद झालं. निर्यातीच्या मालाला औषधाचा अंश तपासतात, २०१० ला युरोपात आपला माल अडकला होता ते आम्ही विसरलो नाही, त्यामुळं एक फवारणी कमी म्हणजे नुसते पैसे वाचले असं नसतं, डोक्यावरचं ओझं पण उतरतं.

हे मी त्या कंपनीच्या पोरांना कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच नाही कधी. ते येतात, बॅटरी बघतात, पॅनल पुसतात, पैशाचं विचारतात आणि जातात. तुम्ही तुमच्या जुन्या लोकांच्या घरी सीझन सोडून एकदा जा, मे महिन्यात वगैरे, काही विकायला नको. चहा घ्या आणि विचारा, ऑक्टोबरमध्ये रात्री काय करता म्हणून. तुम्हाला संध्याकाळी घरी सांगायला भरपूर मिळेल.

एक तक्रार पण लिहून ठेवा, सगळ्याच कंपन्यांची आहे. "धोका जास्त" असा मेसेज आला की आम्हाला कळत नाही का जास्त. पान किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ओलं होतं, तेव्हा तापमान काय होतं, एवढं लिहा. बागायतदार अडाणी नाही, कारण कळलं की तो स्वतः ठरवतो.

आता तुमच्या मूळ दुखण्यावर. वर्षातून एकदाच परीक्षा म्हणता, ते आमच्या निफाड-दिंडोरीपुरतं खरं. तुम्ही सटाण्याकडं, बागलाणात गेलात का? तिकडं अर्ली द्राक्ष करतात. जुलै-ऑगस्टला छाटण्या, भर पावसाळ्यात. डाऊनीचा जोर बघायचा तर तिकडं बघा. तुमचं मॉडेल तिकडं टिकलं तर आमच्या ऑक्टोबरला तुम्ही आधीच तयार असाल, म्हणजे एका वर्षात दोनदा उत्तर मिळालं की नाही. शिवाय त्याच पट्ट्यात डाळिंब आहे, मृग, हस्त, आंबे असे तीन बहार धरतात लोकं आपापल्या पाण्याप्रमाणे, डाळिंबावरच्या तेल्या रोगाला पण ओलीचाच विषय आहे. तुम्ही म्हणता कोरडं वर्ष वाया गेलं, अहो कोरडं वर्ष इथं असेल, तिथं नसेल.

दुसरी_इनिंग

वरचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. पानओल, मी ज्याला गिऱ्हाईकाचा आकडा म्हणत होतो तो असा दिसतो प्रत्यक्षात. बागलाणचं मनावर घ्याच.

मृण्मयी_के

निफाडच्या दादांचं "परत झोपतो" हे मी घरी वाचून दाखवलं. आमच्याकडे पण आता ठरलंय, ज्या हॉस्पिटलांनी उपकरण घेतलंय तिथे नवरा महिन्यातून एक दिवस काही न विकता जाऊन बसणार आहे. सिस्टर लोकांना वेळ असतो तेव्हा, दुपारी तीननंतर.

पानओल_नाशिक

निफाडचे दादा, बागलाण आमच्या डोक्यात होतं पण तिकडे ओळख नाही आणि दोन माणसांत तिकडची सर्व्हिस कशी द्यायची म्हणून मागे टाकत आलो. आता वाटतंय की विकायला जाऊच नये, स्वतःच्या खर्चाने दोन केंद्रं उभी करावीत आणि नुसतं मोजावं. स्टॉकमध्ये दोन आहेत. पार्टनर पण म्हणाला पावसाळ्यातला डेटा मिळाला तर रविवारचे दोन तास कमी पडतील.

मेसेजचं आजच बदलायला घेतलंय. उद्यापासून "रात्री ११.२० ते सकाळी ८.१०, पान ओलं, तापमान २१ ते २३" असं जाईल. आमच्याकडे हे सगळं होतंच, आम्हीच ते एका शब्दात कोंबत होतो कारण वाटायचं की लोकांना मोठा मेसेज नको असतो.

सटाण्याकडे कुणी ओळखीचं आहे का तुमच्या? बाग चालेल कुठलीही, फक्त छाटणी जुलैअखेरच्या आसपास हवी आणि मालकाला आम्ही आठवड्यातून एकदा येऊन पानं तपासलेली चालली पाहिजेत.

निफाडचा_बागायतदार

माझे व्याही आहेत नामपूरकडं. कालच बोललो. ते म्हणतात या, पण छाटणीच्या आधी खांब उभा पाहिजे, छाटणी झाली की डोळे फुटायसाठी पेस्ट लावायची घाई असते, तेव्हा कुणाला बघायला वेळ नसतो. खांब आणू नका, जुने लोखंडी अँगल पडलेत त्यांच्याकडं. सिमकार्ड मात्र दोन वेगवेगळ्या कंपन्यांची आणा, बाग खोलगटात आहे, कुठली रेंज धरेल ते तिथंच बघावं लागेल. आणि तुमच्या त्या जुन्या पार्टनरला पण घेऊन या, मुक्कामाची सोय आहे.